ॲनालॉग सिंथ सॅम्पल करायचाय? मग ह्याच क्रमानं करा

गेल्या गणपतीपासून मला येणारे फोन साधारण एकाच छापाचे आहेत. कुणीतरी दोन दिवसांसाठी सिंथ (सिंथेसायझर) मागून आणलाय, रात्रभर जागून सगळ्या नोटा रेकॉर्ड केल्यात, सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेल्या नोटा कीबोर्डवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकल्यात आणि आता वाजवलं की कुठली पट्टी मोठी, कुठली बारीक, कॉर्ड धरली की मागं घुर्र. खानापूरच्या एका पोरानं तर फोनवरच वाजवून दाखवलं, "दादा, एकेक नोट बरी वाजूलालीय की, चार एकदम दाबलो की मोटार चालू झाल्यागत होऊलालंय बघा." तोवर सिंथ मालकाकडं परत गेलेला, आता काय करणार.

ह्यातल्या बहुतेक चुका रेकॉर्ड बटण दाबायच्या आधीच झालेल्या असतात, म्हणून खालचा क्रम बदलू नका. मी धरून चालतो की तुमच्याकडं मिडी (कुठली नोट, किती जोरात हे वायरीतून सांगायची पद्धत) असलेला सिंथ आहे, आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा एक ऑडिओ इंटरफेस आहे, लॅपटॉपवर रीपर किंवा तसलं रेकॉर्डिंगचं काहीतरी आहे आणि सॅम्पलर म्हणून डिसेंट सॅम्पलर किंवा स्फॉर्झांडो आहे, दोन्ही फुकट मिळतात. कॉन्टॅक्ट हा विकतचा सॅम्पलर असेल तर उत्तम, पण त्याच्यासाठी अडून बसू नका.

१. आधी कागद-पेन

कुठला पॅच (सिंथवर लावलेला आवाज), किती नोटा, किती लेयर (तीच नोट हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळी घेतलेली), प्रत्येक नोट किती सेकंद, हे सिंथ चालू करायच्या आधी लिहून काढा. मध्येच "अजून एक लेयर घेऊया की" असं सुचलं तर तोवर सिंथचा सूर थोडा सरकलेला असतो आणि नवा लेयर जुन्याशी जुळत नाही.

सप्तकाला चार नोटा पुरतात: पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा. म्हणजे दर तीन सेमिटोनला एक, सेमिटोन म्हणजे शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर. मिडी नंबरात सांगायचं तर ३६, ३९, ४२ असं करत ९६ पर्यंत, पाच सप्तकं, २१ नोटा. प्रत्येक सॅम्पल स्वतःच्या पट्टीवर आणि दोन्ही बाजूला एकेक पट्टी एवढंच ताणलं जातं, तेवढ्यानं वेग साधारण ६ टक्के बदलतो, कानाला लागत नाही. जे सप्तकाला एकच नोट घेतात त्यांचं सॅम्पल सहा सेमिटोनपर्यंत ताणलं जातं, तिथं वेग ४१ टक्के वाढतो, मग पॅडमधली सावकाश येणारी लाट वरच्या पट्टीत बस चुकल्यागत पळायला लागते.

कोर्ग मिनीलॉगसारख्या सिंथला ३७च कीज आहेत म्हणून तेवढ्याच नोटा घ्यायच्या असं काही नाही, मिडीवरून खालच्या-वरच्या नोटा पाठवल्या तरी तो वाजवतो.

व्हेलॉसिटीचं, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचं, मात्र आधी बघून घ्या. जोरात दाबल्यावर फक्त आवाज वाढतो की फिल्टरही उघडतो, म्हणजे आवाज उजळही होतो? फक्त आवाज वाढत असेल तर एकच लेयर घ्या, बाकीचं काम सॅम्पलर करतो. फिल्टर उघडत असेल तर तीन घ्या. १९८४ च्या रोलँड जूनो-१०६ ला व्हेलॉसिटी नाहीच, त्याचे तीन लेयर घेणं म्हणजे एकच फोटो तीनदा काढणं.

राउंड रॉबिन म्हणजे तीच नोट परत परत रेकॉर्ड करायची, म्हणजे भराभर वाजवली तरी मशीनगन होत नाही. ॲनालॉगमध्ये ह्याला खरंच अर्थ आहे कारण पॉलिफोनिक (एकदम अनेक नोटा वाजवणारा) सिंथ नोटा वेगवेगळ्या व्हॉईसना (एकेक नोट वाजवणाऱ्या सर्किटना) वाटतो आणि प्रत्येक व्हॉईसचा फिल्टर उगीच थोडासा वेगळा असतो. जमलं तर जितके व्हॉईस तितके राउंड. काही सिंथ तीच नोट आली की तोच व्हॉईस देतात, तिथं दोनच्या वर जाऊ नका.

आता हिशेब. २१ नोटा, ३ लेयर, २ राउंड, झाल्या १२६ फायली. प्रत्येकी १२ सेकंद धरले तर २५ मिनिटं १२ सेकंद, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनोमध्ये साधारण २१८ एमबी. सिंथचं आऊटपुट मोनो असेल तर स्टिरिओत घेऊ नका, दुप्पट जागा जाते आणि मिळत काही नाही.

थांबा: अरेंजर कीबोर्डचे आवाज असे सॅम्पल करून दुसऱ्यांना वाटू नका. ते आवाज म्हणजे कंपनीचं स्वतःचं रेकॉर्डिंग असतं, ऑसिलेटर (सिंथमध्ये सूर तयार करणारं सर्किट) नव्हे.

२. तापवा, मग सुरात लावा

पहिल्या खेपेला मी सिंथ चालू केला, पाच मिनिटात ट्यून केला आणि खालच्या पांढरी एकपासून हातानं सुरू झालो. दीड तासानं वरच्या टोकाला पोचलो. सॅम्पलरमध्ये खालची आणि वरची नोट एकत्र धरली तर १२ सेंटचा (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) फरक, आणि वर मे महिना म्हणून पंखा पाचवर, थेट सिंथवर वारा. सगळं फेकून दिलं.

व्हीसीओ (व्होल्टेजवर सूर ठरणारा ऑसिलेटर) असलेला सिंथ कमीत कमी अर्धा तास चालू ठेवायचा, जुना असेल तर पाऊण तास. पंखा बंद, किंवा तोंड दुसरीकडं. जूनोसारख्या डीसीओवाल्यांचा (डिजिटल ताब्यातल्या ऑसिलेटरवाल्यांचा) सूर डिजिटल घड्याळावर चालतो म्हणून तो सरकत नाही, पण फिल्टर ॲनालॉगच, त्यालाही पंधरा-वीस मिनिटं द्या. आमच्याकडं जून-जुलैत भिंतीसुद्धा ओल्या असतात, पेटीतून काढलेला सिंथ लगेच लावू नका, आधी तासभर खोलीत तसाच राहू दे.

मग ट्यूनर लावून खालची, मधली, वरची अशी तिन्ही सप्तकातली पांढरी सहा तपासा. मधली ४४० ला बरोबर असूनही वरची ८-१० सेंट खाली असं होतं, त्याला स्केल बिघडलाय म्हणायचं. सिंथमध्ये ऑटो ट्यून असेल तर आत्ता चालवा, नसेल तर फरक कागदावर लिहून ठेवा, सॅम्पलरमध्ये त्या त्या सॅम्पलला तेवढे सेंट देता येतात. दोन-तीन सेंटचा फरक असेल तर हात लावू नका. तो असतो म्हणूनच तुम्ही ॲनालॉगच्या मागं लागलाय.

३. वायरिंग आणि ती घुर्र

खानापूरच्या पोराची भानगड इथली. एका नोटेमागची सुसू ऐकू येत नाही, पण सॅम्पलरमध्ये प्रत्येक नोटेबरोबर ती सुसूसुद्धा वाजते. चार नोटा धरल्या की ती ६ डीबीनं (डेसिबलनं) वाढते, दहा झाल्या की १० डीबीनं. आणि त्यात लाईनीची ५० हर्ट्झची घूं असेल तर सॅम्पल वरखाली ताणताना ती घूंही ताणली जाते, एकीकडं ४७, एकीकडं ५३, मग चार नोटात मोटार चालू होणारच की.

करायचं काय: सिंथचं आऊटपुट इंटरफेसच्या लाईन इनपुटला द्या, माईकच्या नाही. वायर जितकी आखूड तितकी बरी. सिंथ आणि इंटरफेस एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा, निम्मी घुर्र तिथंच जाते. अजूनही राहिली तर सिंथची यूएसबी वायर काढून पाच पिनच्या मिडी वायरनं जोडा. मिडीच्या इनपुटला आत ऑप्टो-आयसोलेटर असतो, सिग्नल उजेडातून जातो, त्यामुळं यूएसबीतून फिरणारा ग्राउंड लूप तुटतो. ही वायर दोनेकशे रुपयांची असेल-नसेल, पण ह्या एका गोष्टीनं माझं जितकं काम वाचलंय तितकं कुठल्या प्लगइननं वाचलेलं नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका, साध्या इन्व्हर्टरची वेव्ह चौकोनी असते, ती ॲडाप्टरमधून आवाजात उतरते. आणि आम्ही वडगावात राहतो, शेजारी माग आहेत, माग चालू-बंद होताना लाईनीत टिक येतो, म्हणून मी रात्री माग थांबल्यावरच बसतो. खटखटीचा प्रश्न नाही, लाईन इनपुटमध्ये बाहेरचा आवाज येतच नाही, प्रश्न मोटारीच्या स्विचचा.

लेव्हल लावताना सगळ्यात मोठी नोट शोधा, बहुतेक वेळा ती खालच्या सप्तकात असते, तिचा पीक (मीटरवरचं सगळ्यात वरचं टोक) उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये ठेवा. मग गेनच्या नॉबवर चिकटपट्टी लावा. खरंच लावा.

तपासा: काही न वाजवता दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि ते २० डीबी वाढवून हेडफोनवर ऐका. सुसू चालेल, घूं ऐकू आली तर पुढं जाऊ नका. नंतर नॉईज रिडक्शननं काढू म्हणाल तर त्यात सिंथच्या वरच्या फ्रिक्वेन्सी पण जातात आणि पॅड पाण्याखालनं आल्यागत वाजतो.

४. पॅच सॅम्पलिंगसाठी बदलून घ्या

वाजवायला जो पॅच छान, तो जसाच्या तसा सॅम्पल करायला छान नसतो, हे लोकांना लवकर पटत नाही.

आर्पेजिएटर, पोर्टामेंटो, डिले, रिव्हर्ब बंद. कोरस सिंथचाच प्रसिद्ध असेल तर त्याचा सेट वेगळा घ्या, पण कोरा सेट आधी. एलएफओनं (आवाज सावकाश हलवणाऱ्या ऑसिलेटरनं) व्हायब्रॅटो किंवा आवाजाची थरथर होत असेल तर तो बंद करा, ते सॅम्पलरमध्ये परत करता येतं. पल्स विड्थ (चौकोनी वेव्हची रुंदी) हलवणारा एलएफओ मात्र चालू ठेवा कारण ते सॅम्पलरमध्ये होत नाही.

अँपच्या एन्व्हलपचा (नोट दाबल्यापासून विरेपर्यंतच्या चढउताराचा) सस्टेन, म्हणजे पट्टी धरलेली असताना टिकणारा आवाज, पूर्ण; रिलीज, म्हणजे सोडल्यावर विरायचा वेळ, अगदी थोडा. रिलीज सॅम्पलरमध्ये द्यायचा. दोन्हीकडं दिला तर नोट सोडल्यावर आवाज विचित्रपणे दोनदा मरतो. फिल्टरच्या एन्व्हलपला डिके (सुरुवातीनंतर हळूहळू खाली येणं) असेल तर तो पूर्ण संपेपर्यंत नोट धरलेली हवी, डिके ५ सेकंदाचा आणि नोट ४ सेकंदाची असं करून बसलेले लोक मी बघितलेत.

फिल्टर पूर्ण उघडून घ्यायचा आणि सॅम्पलरचा फिल्टर वापरायचा, की सिंथचाच फिल्टर आवाजात पकडायचा? माझं मत स्पष्ट आहे, सिंथचाच पकडा. उघडा सॉ वेव्ह कुठल्याही सॉफ्टवेअरमधून मिळतो, तुम्ही उसना सिंथ आणलाय तो फिल्टरसाठी.

सगळं लावून झालं की पॅनेलचा मोबाईलवर फोटो काढा, वरून, उजेडात. मेमरी नसलेल्या सिंथवर कुणाचा तरी हात लागतोच, आमच्याकडं धाकट्याचा लागला होता.

५. रेकॉर्डिंग

हातानं नोटा दाबू नका. माणसाचं बोट एकसारखं पडत नाही.

रीपरमध्ये टेम्पो ६० ठेवा, म्हणजे एक मात्रा एक सेकंद. प्रत्येक सॅम्पलला तीन बार: दोन बार नोट धरलेली, एक बार मोकळा. मिडी क्लिपमध्ये १२६ नोटा ह्याच अंतरानं लिहा, एकदा लिहिलं की पुढच्या प्रत्येक पॅचला तेच चालतं. व्हेलॉसिटी ५०, ९५ आणि १२७. क्रम असा की एका नोटेचे सगळे लेयर, सगळे राउंड आधी, मग पुढची नोट. आधी सगळ्या नोटांचा हळू लेयर आणि तासाभरानं जोराचा, असं केलं तर एकाच पट्टीचे दोन लेयर दोन सुरात येतात.

क्लिपच्या शेवटी पहिली नोट परत एकदा लिहा.

तपासा: पहिली आणि शेवटची नोट ट्यूनरवर लावून बघा. पाच सेंटपेक्षा जास्त फरक असेल तर सगळं परत. फक्त अर्ध्या तासाचं काम आहे, एवढं काय.

एखादी नोट दोनदा लागल्यागत पोकळ येत असेल तर मिडी फिरून परत सिंथला जातोय, ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग बंद करा. आणि मध्येच लाईट गेली तर जिथं थांबलं तिथून पुढं सुरू करायचा मोह आवरा. सिंथ गार झालेला असतो. परत अर्धा तास, परत पहिल्यापासून. मी एकदा ६३ व्या सॅम्पलपासून पुढं गेलो होतो, त्या पॅचमध्ये मधल्या सप्तकात आजही सांधा ऐकू येतो.

६. कापणं आणि नावं

इथं सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक फाईल वेगवेगळी नॉर्मलाईज करणं, म्हणजे तिचा पीक वर आणून ठेवणं. निपाणीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्या काकांनी मला ऐकवलं होतं, "सगळ्या एकसारख्या करून घेतल्यात बघ." तेच तर नको होतं. हळू नोट जोराएवढी झाली, तिच्यामागची सुसूही वर आली, आणि आता पट्टी बदलली की सुसू पण बदलते. वाढवायचंच असेल तर सगळ्या फायलींना एकाच मापानं वाढवा.

दुसरी चूक, आवाज सुरू होईल तिथं आपोआप कापणारं टूल वापरणं. हळू चढणाऱ्या पॅडची सुरुवातच त्यात उडते. त्यापेक्षा असं करा: झटकन सुरू होणाऱ्या पॅचची एक नोट त्याच ग्रिडवर (रीपरमधल्या मात्रांच्या रेषांवर) रेकॉर्ड करा, मिडीपासून आवाजापर्यंत किती उशीर होतो ते मोजा, समजा ९ मिलिसेकंद, मग सगळ्या फायली ग्रिडपासून ८ मिलिसेकंदांवर कापा. मोजून कापलं की पॅड असो की बास, सुरुवात शाबूत राहते. त्याआधी डीसी ऑफसेट (वेव्ह मधल्या रेषेवरून सरकलेली असणं) काढून टाका, नाहीतर प्रत्येक नोटेला टक् येतो.

फायलींची नावं इंग्रजी अक्षरात, मध्ये स्पेस नको, आणि त्यात नोटेचं नाव नको, मिडी नंबर हवा: पॅच, ०६०, लेयर २, राउंड १ असं. कारण ६० नंबरच्या नोटेला यामाहावाले सी ३ म्हणतात आणि रोलँडवाले सी ४. नावावर विसंबलात की अख्खा पॅच एक सप्तक वर नाहीतर खाली बसतो.

७. लूप

लूप म्हणजे पट्टी धरून ठेवली की सॅम्पलचा जो तुकडा परत परत वाजतो तो. सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, आणि जाऊ दे.

एकच ऑसिलेटर असेल तर सोपं आहे, लूपमध्ये वेव्हचे पूर्ण फेरे बसले पाहिजेत एवढंच. पण लोक दोन-चार फेऱ्यांचा इवलासा लूप करतात आणि ॲनालॉगचा जिवंतपणा तिथं संपतो, पुढं नुसता बझर. लूप दोन-तीन सेकंदांचा तरी ठेवा.

दोन ऑसिलेटर थोडे डीट्यून केलेले असतील तर वेगळा हिशेब. एक २२० ला आणि दुसरा २२०.५ ला असेल तर अर्ध्या हर्ट्झची लाट येते, म्हणजे लाटेचा एक फेरा २ सेकंदांचा. लूप २ किंवा ४ सेकंदांचाच हवा. दीड सेकंदाचा केला तर लाट अर्ध्यात तुटून परत सुरू होते, कान लगेच पकडतो. वरच्या सप्तकात हीच लाट १ सेकंदाची होते, खालच्यात ४ सेकंदांची, म्हणून एका नोटेचा लूप दुसऱ्या नोटेला चिकटवून चालत नाही. सगळ्यात खालच्या नोटेला तर लाटेचा फेरा साधारण पावणेसात सेकंदांचा होतो, आठ सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये तो कसाबसा बसतो. असा पॅच असेल तर खालच्या सप्तकाला १६ सेकंद द्या, पण हे कागदावरच ठरवायचं, इथं येऊन सुचलं तर उशीर झाला. पल्स विड्थच्या एलएफओलाही हाच नियम, ०.८ हर्ट्झ असेल तर लूप १.२५ सेकंदांच्या पटीत.

हिशेब जवळ घेऊन जातो, नेमकी जागा कानानं आणि डोळ्यानं शोधायची. वेव्ह मोठी करून बघा, लूपच्या शेवटाचा आकार सुरुवातीच्या आकारात विनासांधा शिरला पाहिजे. उरलेलं क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा चढवणं) सांभाळतो, २०० ते ४०० मिलिसेकंद. क्रॉसफेड लूपच्या आधीचा भाग उचलतो, तेव्हा लूपच्या आधी तेवढा आवाज हवा आणि त्यात अटॅक (नोटेची सुरुवात) यायला नको. जोडावर आवाज दबला तर क्रॉसफेड इक्वल पॉवर करून बघा, फुगला तर लिनिअर.

तपासा: डोळे मिटा, नोट एक मिनिट धरा. लूप कुठं आला हे बोटानं दाखवता आलं, तर लूप चुकलाय.

८. सॅम्पलरमध्ये मांडणी

आता मात्र पटपट. प्रत्येक सॅम्पलचं मूळ म्हणजे त्याचा मिडी नंबर, खालची हद्द एक कमी, वरची एक जास्त. ६० नंबरचं सॅम्पल ५९ ते ६१. व्हेलॉसिटी १ ते ५०, ५१ ते ९५, ९६ ते १२७. राउंड रॉबिनची लांबी २. स्फॉर्झांडोला लागणारी मांडणीची एसएफझेड फाईल साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते, २१ नोटांचा एक लेयर लिहिला की बाकीचे कॉपी करून आकडे बदलायचे.

लेयर एकमेकात क्रॉसफेड करू नका, सरळ बदलू दे. व्हीसीओ मोकळे धावत असतात, त्यामुळं दोन लेयरचा फेज (वेव्हचे चढउतार एकाच वेळी येणं) कधीच जुळत नाही आणि मधल्या जोरात आवाज पोकळ होतो. व्हेलॉसिटीनं आवाज किती बदलतो ते सॅम्पलरमध्ये कमी ठेवा, तो फरक रेकॉर्डिंगमध्ये आधीच आहे. बास आणि लीड असेल तर पॉलिफोनी (एकदम किती नोटा वाजतात ते) एकवर.

९. सिंथ घरात असतानाच वाजवून बघा

सगळ्या पट्ट्या ओळीनं, सावकाश, एकाच जोरात. तीन-तीन पट्ट्यांच्या हद्दीवर रंग बदलतो का ते ऐका. मग तीच नोट भराभर. मग चार नोटांची कॉर्ड, आवाज वाढवून. मग लॅपटॉप शेजारी ठेवून खरा सिंथ आणि सॅम्पल आलटून पालटून, आणि कुणालातरी पाठ करून बसवा, ओळखतोय का बघा.

हे होईपर्यंत सिंथ परत देऊ नका. एखादी नोट फसलेली सापडली तर फोटो बघून नॉब लावायचे, परत तापवायचा, आणि ती एकटीच नाही, तिच्या दोन्ही शेजारच्या नोटांसकट परत घ्यायची, म्हणजे सांधा पडत नाही. न कापलेलं अख्खं रेकॉर्डिंग पेन ड्राईव्हवर वेगळं ठेवा, कारण पुढच्या वर्षी लूप नव्यानं करावेसे वाटतात आणि तेव्हा कापलेल्या फायलीत शेपटी उरलेली नसते.